भूतदयेचा हुकूम : शोगुन त्सुनायोशी, एदोतले कुत्रे आणि नाकानोची छावणी

जपानच्या तोकुगावा घराण्यातील पाचवा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, त्सुनायोशी याने १६८० ते १७०९ अशी जवळजवळ एकोणतीस वर्षे राज्य केले. या काळात त्याने पुष्कळ काही केले, पण लोकांच्या तोंडी त्याचे एकच नाव राहिले : ‘इनु-कुबो’, म्हणजे कुत्र्यांचा शोगुन. कुत्रा मारला म्हणून माणसाला देहान्त शासन देणारा, लाखभर भटक्या कुत्र्यांना सरकारी खर्चाने भात खाऊ घालणारा विक्षिप्त राजा, अशी त्याची प्रतिमा शाळेच्या पुस्तकांपासून रंगभूमीपर्यंत पसरली. गेल्या काही दशकांत इतिहासकारांनी मूळ हुकूम पुन्हा वाचायला घेतले आणि ही प्रतिमा डळमळू लागली. प्रस्तुत लेखात त्याच्या कारकिर्दीतले हे एकच प्रकरण घेतले आहे. जपानीत ‘शोरुइ आवारेमि नो रेइ’ म्हणजे जीवमात्रांवर दया करण्याचे आदेश म्हणून ओळखली जाणारी हुकमांची मालिका का निघाली, तिचा अंमल कसा झाला, ती कुठे फसली आणि तिच्यातले काय टिकले, एवढाच या लेखाचा विषय आहे. ‘भूतदया’ हा आपला जुना शब्द या आदेशांना इतका नेमका लागू पडतो की दुसरा शब्द शोधण्याची गरज मला वाटली नाही.

माणूस आणि त्याची गादी

त्सुनायोशीचा जन्म १६४६ सालचा. तिसरा शोगुन इएमित्सु याचा तो धाकटा मुलगा. गादीवर त्याचा हक्क नव्हता. त्याची आई, पुढे केइशोइन या नावाने ओळखली गेलेली, क्योतोतल्या एका भाजीविक्याची मुलगी होती असे सांगितले जाते. किल्ल्यातल्या जनानखान्यात ती आली आणि शोगुनाची उपपत्नी झाली. उच्चकुलीन सामुराई घराण्यांतली मुले ज्या वातावरणात वाढत, त्यापेक्षा या मुलाचे बालपण वेगळे गेले. मुलगा हुशार आहे, त्याला शस्त्रविद्येत तरबेज केले तर तो थोरल्या भावांना डोईजड होईल, तेव्हा त्याला ग्रंथांत रमू द्या, असे इएमित्सुने सांगितल्याची आठवण तोकुगावांच्या अधिकृत इतिहासात नोंदलेली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, परिणाम तसाच झाला. आईकडून बौद्ध भक्ती आणि गुरूंकडून कन्फ्यूशियसची नीती असे दुहेरी संस्कार घेऊन तो मोठा झाला. १६६१ मध्ये त्याला तातेबायाशीची अडीच लाख कोकुंची जहागीर मिळाली. (एक कोकु म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, जहागिरीची ऐपत याच मापात सांगितली जाई.)

१६८० मध्ये थोरला भाऊ, चौथा शोगुन इएत्सुना, निपुत्रिक वारला आणि होत्ता मासातोशी या मंत्र्याच्या पाठबळावर त्सुनायोशी गादीवर बसला. दुय्यम शाखेतून आलेल्या आणि दरबारातल्या वजनदार घराण्यांशी कसलेही लागेबांधे नसलेल्या या शोगुनाने पहिल्याच वर्षी सर्वांना धक्का दिला. एचिगो प्रांतातल्या ताकादा जहागिरीचा वारसातंटा आधीच्या राजवटीत निकालात निघाला होता. त्याने तो पुन्हा उघडला, स्वतः सुनावणी घेतली आणि १६८१ मध्ये तोकुगावांच्याच नात्यातल्या त्या घराण्याची जहागीर खालसा केली. त्याच्या सबंध कारकिर्दीत चाळीसहून अधिक दाइम्योंना, म्हणजे जहागीरदारांना, अशा प्रकारे जहागिरी गमवाव्या लागल्या किंवा त्यांत कपात सोसावी लागली. सरकारी मुलखातल्या महसुली अधिकाऱ्यांवरही त्याची करडी नजर होती. प्रजा हा राज्याचा पाया आहे, असे बजावणारा हुकूम त्याने गादीवर येताच त्यांना पाठवला आणि १६८२ मध्ये हिशेब तपासणारे स्वतंत्र अधिकारी नेमले.

पुढच्या प्रकरणात महत्त्वाची ठरणारी एक घटना १६८४ ची आहे. होत्ता मासातोशीवर किल्ल्यातच इनाबा मासायासु या दुसऱ्या मंत्र्याने शस्त्र चालवले आणि त्यात होत्ताचा अंत झाला. त्यानंतर ज्येष्ठ मंत्र्यांची बसण्याची जागा शोगुनाच्या दालनापासून दूर हलवण्यात आली आणि दोहोंमधला निरोप नेण्या-आणण्याचे काम ‘सोबायोनिन’ या खासगीकडील अधिकाऱ्यांच्या हाती गेले. पुढे यानागिसावा योशियासु याच मार्गाने राज्यातला सर्वांत वजनदार माणूस बनला. याचा एक परिणाम असा झाला की हुकूम वरून खाली विनाअडथळा येत राहिले, पण खालची तक्रार वर जाण्याची वाट अरुंद झाली. ‘हे झेपणार नाही’ असे तोंडावर सांगू शकेल असा मंत्री होत्तानंतर शोगुनाच्या जवळ उरला नाही. माझ्या मते या प्रकरणाची निम्मी शोकांतिका इथेच आहे.

रस्त्यावर काय चालले होते

तोकुगावांनी देशात शांतता आणून तोवर दोन पिढ्या लोटल्या होत्या, पण सामुराईच्या कमरेला दोन तलवारी कायम होत्या आणि त्या वापरायला रणांगण उरले नव्हते. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर ‘काबुकिमोनो’ म्हटल्या जाणाऱ्या टोळ्या फिरत. भडक पोशाख करायचा, क्षुल्लक कारणावरून तलवार उपसायची आणि कुत्रे मारून त्यांचे मांस खाणे हा मर्दुमकीचा भाग समजायचा, असा त्यांचा खाक्या होता. १६८६ मध्ये अशाच एका टोळीतल्या दोनशेहून अधिक लोकांना पकडण्यात आले आणि म्होरक्यांना मृत्युदंड झाला. भूतदयेचे आदेश आणि ही धरपकड एकाच सुमारास व्हावी, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

कुत्र्यांची संख्याही वाढत होती. दाइम्योंना आलटूनपालटून एदोत राहणे सक्तीचे होते. त्यांच्या प्रशस्त वाड्यांत शिकारीचे कुत्रे पाळले जात, त्यांची पिल्ले बाहेर जात आणि शहराच्या उकिरड्यांवर जगत. दुसरीकडे बहिरी ससाण्यांकरवी शिकार करणे हा सामुराईंचा मानाचा छंद होता आणि त्या ससाण्यांना कुत्र्यांचे मांस घातले जाई, त्यासाठी खेड्यांकडून कुत्रे मागवले जात. म्हणजे कुत्रा एकीकडे वाड्याच्या रुबाबाचा भाग होता आणि दुसरीकडे ससाण्याचा चारा. गरिबीने गांजलेले आईबाप नवजात मूल रस्त्यावर सोडून देत आणि ते कुत्र्यांच्या तोंडी लागे. आजारी प्रवाशाला धर्मशाळेचा मालक बाहेर काढी, कारण तो मेला तर प्रेताची जबाबदारी आपल्यावर येईल ही भीती. थकलेला बैल किंवा घोडा जिवंतपणीच माळावर सोडला जाई. त्सुनायोशीच्या हुकमांमध्ये हे सर्व विषय एकत्र आलेले दिसतात. कुत्रे हा त्यांतला एक विषय होता, जरी शेवटी तोच सर्वांवर मात करून उरला.

हुकमांची मालिका

भूतदयेचा कायदा असा एकसंध मसुदा कधीच निघाला नाही. शंभराहून अधिक लहानमोठे आदेश चोवीसेक वर्षांत निघत राहिले आणि मालिकेची सुरुवात नेमकी कोणत्या आदेशाने धरायची यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. बहुतेक जण १६८५ च्या उन्हाळ्यातल्या एका साध्या सूचनेपासून मोजतात : शोगुनाची स्वारी जाणार असेल त्या रस्त्यावर कुत्री-मांजरे मोकळी फिरली तरी चालतील, त्यांना बांधून ठेवण्याची गरज नाही. ही सूचना म्हणजे लोकांवरचे एक ओझे कमी करणारी सवलत होती. पुढे इतके ओझे ज्या मालिकेने लादले, तिचा आरंभ सवलतीने व्हावा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी घोड्याच्या चालीला डौल यावा म्हणून त्याच्या पायाच्या शिरा कापण्याच्या प्रथेवर बंदी आली. १६८६ मध्ये हातगाड्यांखाली कुत्रे चिरडले जाऊ नयेत अशी ताकीद निघाली. १६८७ मध्ये आजारी गुराढोरांना टाकून देण्यावर बंदी आली आणि खाण्यासाठी जिवंत मासे व पक्षी बाळगून विकण्यावरही निर्बंध आले. ससाण्यांकरवी शिकार शोगुनाने गादीवर आल्यापासून स्वतः कधीच केली नव्हती. हळूहळू त्याने ससाणे सांभाळणाऱ्यांची पदे कमी केली आणि १६९३ पर्यंत ती प्रथा बाकुफुत, म्हणजे शोगुनाच्या सरकारात, पूर्णपणे थांबली.

१६८७ चाच आणखी एक आदेश आहे, जो मला या सगळ्या मालिकेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टाकून दिलेले मूल सापडले, तर तातडीने वर्दी देत बसण्याची गरज नाही. त्या वस्तीतल्या लोकांनी त्याची काळजी घ्यावी, स्वतः वाढवावे किंवा ज्याला हवे असेल त्याला दत्तक द्यावे, असे त्यात सांगितले आहे. हुकमातला बारकावा पाहण्याजोगा आहे. वर्दीची सक्ती असली की माणूस मूल उचलायलाच घाबरतो, हे हुकूम लिहिणाऱ्याला ठाऊक होते. पुढे मूल टाकण्यावरच बंदी आली आणि एदोत गरोदर स्त्रियांची व लहान मुलांची नोंद ठेवण्याचे फर्मान निघाले. आजारी प्रवाशाला हाकलून न देता त्याची शुश्रूषा करावी आणि तुरुंगातल्या कैद्यांची स्थिती सुधारावी, असेही आदेश याच मालिकेत आहेत. सतराव्या शतकातल्या एखाद्या लष्करी सरकारने गरोदर बाई, तान्हे मूल, आजारी वाटसरू, कैदी आणि म्हातारा बैल यांच्याबद्दल एकाच दमात बोलावे, ही गोष्ट साधी नव्हे.

दया अंगावर आली तेव्हा

मग बिघडले कुठे? मुलांच्या बाबतीत जो बारकावा दाखवला, तो कुत्र्यांच्या बाबतीत उलटा झाला, हे त्याचे उत्तर. प्रत्येक वस्तीने आपापल्या कुत्र्यांची वही ठेवायची, तीत रंगानिशी नोंद करायची, आणि वहीतला कुत्रा दिसेनासा झाला की त्याचा जाब वस्तीने द्यायचा, अशी पद्धत आली. दोन कुत्रे भांडू लागले तर पाणी ओतून त्यांना सोडवावे असेही सांगितले गेले. वस्तीचा प्रमुख, रात्रीचा पहारेकरी, गाडीवान, घरमालक असा प्रत्येक जण कुत्र्याच्या जिवाला जबाबदार ठरला. साहजिकच लोकांनी बेवारशी कुत्र्याला जवळ करणेच सोडून दिले. भाकरतुकडा घातला की तो आपला ठरणार, आपला ठरला की मेल्यावर चौकशी होणार. त्यापेक्षा न घातलेला बरा. १६८६ मध्येच सरकारला हुकूम काढावा लागला की बेवारशी कुत्र्यांना लोक खायला घालत नाहीत, हे आमच्या हेतूच्या विरुद्ध आहे. आपला हेतू लोकांपर्यंत पोहोचला नाही, हे सरकारला पहिल्याच वर्षी दिसले होते. त्यावर त्याने उपाय केला तो आणखी हुकमांचा.

शिक्षांबद्दल मात्र नीट बोलले पाहिजे, कारण इथे दंतकथा फार आहेत. गालावरचा डास मारला म्हणून हद्दपारी झाल्याच्या आणि हजारोंची मुंडकी उडवल्याच्या कथा पुढच्या पिढ्यांनी रंगवून सांगितल्या. उपलब्ध नोंदी चाळून एका जपानी अभ्यासिकेने जी मोजदाद केली, तीत चोवीस वर्षांत शिक्षा झालेली ६९ प्रकरणे निघाली आणि त्यांतली १३ मृत्युदंडाची होती. शिक्षा झालेल्यांत खालच्या दर्जाचे सामुराई सर्वाधिक आहेत, नगरवासी आणि शेतकरी त्या मानाने कमी. यावरून कायद्याचा रोख तलवार बाळगणाऱ्या वर्गावर होता हे दिसते, आणि त्याच्याविरुद्ध लिहिणारेही त्याच वर्गातले होते हेही विसरता येत नाही. तरीही तेरा माणसे एखाद्या जनावरापायी जिवाला मुकली, ही बाब लहान ठरवता येणार नाही. शिवाय भीती ही शिक्षांच्या आकड्यावर अवलंबून नसते. वस्तीत एकाला कोठडीत टाकले की शंभर घरांतली माणसे कुत्रा दिसताच दार लावून घेतात.

नाकानो

१६९५ मध्ये सरकारने या गोंधळावर जो उपाय शोधला, तो जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आधी योत्सुया आणि ओकुबो इथे कुत्र्यांसाठी जागा केल्या होत्या. त्या अपुऱ्या पडू लागल्यावर एदोच्या पश्चिमेला नाकानो गावी छावणी उभारण्यात आली. दुष्काळात आपल्याकडे गुरांची छावणी असते तशी ही कुत्र्यांची छावणी. सुरुवातीला तिचे क्षेत्र १,६०,००० त्सुबो, म्हणजे सुमारे १३० एकर होते आणि पुढे ते जवळजवळ दुप्पट झाले. एकूण पाच कुंपणे होती. पंचवीस त्सुबोंची, म्हणजे सुमारे नऊशे चौरस फुटांची एक, अशी २९० घरे बांधली होती. उन्हापासून आडोसा देणारे मांडव वेगळे होते. आणि पिल्ले वाढवण्याच्या जागा ४५९ होत्या, अशी नोंद मिळते. एदोच्या गल्लीबोळांतून कुत्रे पकडून तिथे नेण्यात आले. त्यांची संख्या कुठे ऐंशी हजार तर कुठे एक लाख दिलेली आहे.

त्यांना भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) आणि सुक्या सार्डिन माशांचा आहार होता. या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. त्या काळी जपानमधल्या सामान्य शेतकऱ्याच्या ताटात निखळ पांढरा भात सणावारालाच येई. एरवी तो बार्ली, बाजरीसारखी भरड धान्ये आणि भाजीपाला खाई. भात पिकवणारा तो, कर म्हणून तांदूळ भरणारा तो, आणि छावणीतल्या कुत्र्याच्या पुढ्यात पडणारा भात पाहणाराही तोच. छावणीचा खर्च भागवण्यासाठी एदोतल्या घरांवर त्यांच्या दर्शनी रुंदीच्या हिशेबाने आणि आसपासच्या गावांवर कोकुंच्या हिशेबाने पट्टी बसवण्यात आली. भूतदयेच्या आदेशांना लोकांनी मनापासून शाप दिले असतील तर ते या पट्टीपासून.

वेळही वाईट निवडली गेली होती. १६९५ मध्येच सरकारची तिजोरी रिती झाल्यामुळे ओगिवारा शिगेहिदे या अर्थाधिकाऱ्याच्या सल्ल्याने सोन्याच्या नाण्यातला कस घटवण्यात आला. सुमारे ८५ टक्क्यांवरून तो ५७ टक्क्यांच्या आसपास आला. वाढत्या व्यापाराला जास्त चलन हवे होते, त्यामुळे हा निर्णय सर्वस्वी चुकीचा होता असे आज अर्थतज्ज्ञ म्हणत नाहीत. पण बाजारात उभ्या असलेल्या माणसाला दिसत होते ते एवढेच : नाणे हिणकस झाले, भाव चढले आणि वर कुत्र्यांची पट्टी आली.

सगळेच कुत्रे नाकानोत मावले नाहीत. मग आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे ते सांभाळायला देण्यात आले आणि प्रत्येक कुत्र्यामागे पालनपोषणाची ठरावीक रक्कम त्यांना आगाऊ मिळू लागली. पैशाची चणचण असलेल्या घरांना ही रक्कम हवीच होती. ती खर्चून कुणी खत आणले असेल, कुणी कर भरला असेल. या रकमेचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी येईल.

जन्मवर्षाची गोष्ट

शोगुनाला हे सुचले कसे, याचे प्रसिद्ध स्पष्टीकरण असे : त्सुनायोशीचा एकुलता मुलगा तोकुमात्सु १६८३ मध्ये बालपणीच गेला. पुढे मूल होईना, तेव्हा आईच्या विश्वासातल्या र्युको नावाच्या भिक्षूने सांगितले की पूर्वजन्मीच्या जीवहत्येचे हे फळ आहे. आपला जन्म श्वानवर्षातला, म्हणून आपण कुत्र्यांना जपावे. चिनी-जपानी पंचांगात १६४६ हे कुत्र्याचेच वर्ष, त्यामुळे गोष्ट चपखल बसते. पण ती ज्या ग्रंथातून पसरली तो त्सुनायोशीच्या पश्चात, त्याच्या टवाळीसाठीच लिहिलेला आहे, आणि र्युको एदोला आला तो १६८६ मध्ये, म्हणजे पहिले आदेश निघून गेल्यावर. म्हणून आजचे बहुतेक अभ्यासक ही गोष्ट कारण म्हणून मान्य करत नाहीत.

जन्मवर्षाचा संबंध मात्र लोकांनी शोगुनाच्या हयातीतच जोडला होता, याचा भरवशाचा पुरावा आहे. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीत एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य १६९० ते १६९२ पर्यंत होता. डचांना दर वर्षी शोगुनाच्या भेटीला एदोला जावे लागे. त्या निमित्ताने केम्फर १६९१ आणि १६९२ अशा दोन्ही वर्षी किल्ल्यात गेला. पडद्याआड बसलेल्या शोगुनाच्या आज्ञेवरून त्याने कोट काढून दाखवला, नाचून दाखवले, गाऊन दाखवले आणि औषधांविषयीच्या प्रश्नांची उत्तरेही दिली. प्रत्येक रस्त्याला ठरावीक कुत्रे पोसावे लागतात, आजारी कुत्र्यांसाठी खोपटी आहेत आणि मेलेले कुत्रे डोंगरावर नेऊन माणसासारखे पुरावे लागतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यासोबत ऐकलेली एक हकिगतही तो देतो. मेलेला कुत्रा खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा एक शेतकरी शोगुनाच्या जन्मवर्षाच्या नावाने बोटे मोडू लागला, तेव्हा सोबतचा म्हणाला, अरे, गप्प बस आणि देवाचे आभार मान. त्याचा जन्म घोड्याच्या वर्षातला असता तर हे ओझे केवढे झाले असते!

याच केम्फरने त्सुनायोशीबद्दल कठोर पण न्यायी, विद्येची आवड असलेला आणि प्रजेचे हित पाहणारा राजा असे मत दिले आहे. तो बाहेरचा माणूस होता, थोडेच दिवस तिथे होता, त्याच्या माहितीला मर्यादा होत्या. पण शोगुनाकडून त्याची जहागीर गेलेली नव्हती आणि पुढच्या शोगुनाच्या पदरी त्याला नोकरीही करायची नव्हती. त्सुनायोशीवरचा सर्वांत प्रभावी टीकाकार आराइ हाकुसेकि याच्याबद्दल असे म्हणता येत नाही. तो पुढच्या शोगुनाचा सल्लागार होता. आधीची राजवट जितकी काळी दिसेल तितकी नव्या राजवटीची सुधारणा उजळ दिसणार होती. हाकुसेकि मोठा विद्वान होता यात शंका नाही. त्याची साक्ष वाचताना तो कुठे उभा राहून बोलतो आहे हे विसरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

माणसाकडे पाहण्याची दृष्टी

या काळात विचार कसा बदलत होता ते दाखवणारा एक खटला इथे सांगण्याजोगा आहे. यानागिसावा योशियासुच्या कावागोए जहागिरीतला एक शेतकरी पूर्ण नागवला गेला. घर-शेत सोडून, बायकोला वेगळे करून, डोके भादरून त्याने दोन्यु असे भिक्षूचे नाव घेतले आणि आईला बरोबर घेऊन तो भीक मागत निघाला. वाटेत आई आजारी पडली. तिला तिथेच सोडून तो एदोला गेला. वाटेवरच्या लोकांनी आईला गावी परत पोहोचवले आणि मुलावर मातृत्यागाचा आरोप आला. यानागिसावाने आपल्या पदरच्या पंडितांना मत विचारले. शिक्षा काय द्यावी याचा आधार ते जुन्या चिनी ग्रंथांत शोधू लागले. नुकताच नोकरीला लागलेला ओग्यु सोराइ म्हणाला की दुष्काळ पडला तर अशी माणसे कुठेही दिसतील. आईला घेऊन भीक मागायला निघणाऱ्याला आई टाकायची होती असे म्हणता येणार नाही. आपल्या हद्दीतला माणूस या थराला जाईपर्यंत काही न करणारे स्थानिक अधिकारी त्याच्याहून मोठे दोषी, आणि त्यांच्या वरचे त्यांच्याहून मोठे. यानागिसावाला ते पटले. दोन्युला एका माणसापुरता तांदूळ बांधून देऊन गावी परत पाठवण्यात आले. सोराइने ही हकिगत स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

ज्या दरबारात असा युक्तिवाद ऐकून घेतला जाई, त्याच दरबारातून नाकानोची पट्टीही निघाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्सुनायोशीच्या मनातली दया खोटी होती असे मला वाटत नाही. १६८३ मध्ये सामुराईंसाठीच्या मूळ नियमावलीचे पहिले कलम त्याने बदलले आणि शस्त्रविद्येबरोबर निष्ठा, पितृभक्ती आणि मर्यादा यांना स्थान दिले. १६९०-९१ मध्ये युशिमा इथे कन्फ्यूशियसचे मंदिर उभारले. आणि अनेक वर्षे दाइम्योंना समोर बसवून स्वतः प्राचीन ग्रंथांवर प्रवचने दिली. तलवारीच्या जोरावर जगणाऱ्या वर्गाला पोथी आणि करुणा शिकवायची, ही त्याची आयुष्यभराची धडपड होती. पण दोन्युच्या खटल्यात सोराइने जो प्रश्न विचारला, की माणूस असे का वागला, तो प्रश्न एदोतल्या कुत्र्यांच्या बाबतीत कुणी विचारला नाही. लोक कुत्र्याला का हाकलतात, कुत्रे वाढतात ते कोणाच्या वाड्यातून, भुकेल्याच्या पुढ्यातून धान्य उचलून जनावराला घातले तर त्याच्या मनात दया उपजेल की द्वेष, हे प्रश्न शोगुनापर्यंत नेणारे कुणी नव्हते आणि त्यानेही ते स्वतःहून शोधले नाहीत. भूतदयेच्या आदेशांची चूक मी इथे पाहतो.

१७०९

अखेरची वर्षे आपत्तींची गेली. १७०३ च्या शेवटी कांतो भागात मोठा भूकंप झाला. ऑक्टोबर १७०७ मध्ये त्याहून मोठा भूकंप आला आणि डिसेंबरात फुजी पर्वताचा स्फोट होऊन एदोवर राख पडली. राजा नीतीने चुकला की निसर्ग कोपतो, ही कल्पना तेव्हा पूर्व आशियात सर्वत्र रुजलेली होती, आणि तिचा रोख कुणाकडे गेला हे सांगायला नको. आई केइशोइन १७०५ मध्ये वारली होती. वारस नसल्यामुळे पुतण्या इएनोबु याला दत्तक घेतलेले होते. फेब्रुवारी १७०९ मध्ये गोवराच्या साथीत त्सुनायोशीचा मृत्यू झाला.

आपल्या पश्चातही भूतदयेचे आदेश चालू ठेवावेत अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती, असे सांगतात. मृत्यूनंतर दहा दिवसांनी, त्याचे दफनही झालेले नसताना, नाकानोची छावणी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कुत्र्यांची पट्टी रद्द झाली, शिक्षा भोगणाऱ्या अनेकांची सुटका झाली आणि ज्या आदेशांनी लोक हैराण झाले होते ते एकामागून एक मागे घेण्यात आले. मूल टाकू नये, आजारी वाटसरूला हाकलू नये, आजारी गुरे-घोडे सोडून देऊ नयेत, हे आदेश मात्र इएनोबुने तसेच ठेवले आणि ते पुढेही चालू राहिले. ज्यांना त्सुनायोशीचे नाव पुसायचे होते त्यांनीही ही कलमे पुसली नाहीत.

छावणीतल्या कुत्र्यांचे नेमके काय झाले, हे सांगणारी सुसंगत हकिगत मिळत नाही. छावणी मोडली, पण तिची जागा पुढची अडीचशे वर्षे ‘काकोइ-चो’, म्हणजे कुंपणाची वस्ती, या नावाने ओळखली गेली. आठवा शोगुन योशिमुने याने तिथल्या जमिनीवर पीचची झाडे लावून घेतली आणि एदोचे लोक वसंतात फुलोरा पाहायला तिकडे जाऊ लागले. याच योशिमुनेने ससाण्यांची शिकारही पुन्हा सुरू केली.

खेड्यांत मात्र हे प्रकरण इतक्या लवकर मिटले नाही. ज्या शेतकऱ्यांकडे कुत्रे सांभाळायला दिले होते, त्यांना सरकारने कळवले की आता कुत्रे सांभाळायचे नाहीत, तेव्हा आगाऊ उचललेली रक्कम परत करावी. ती केव्हाच खर्च होऊन गेली होती. अनेक गावांनी हप्ते बांधून घेतले, आणि त्सुनायोशी जाऊन कित्येक वर्षे लोटल्यावरही तिथले शेतकरी कुत्र्यांच्या भाताचे ते पैसे फेडत होते.